पार्सल न उघडता परत आलं : साहित्य पुरस्कारांच्या निवड समित्यांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
कादंबरी पुरस्कारांच्या सर्व निवड समित्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी एका पुरस्कारासाठी मी माझ्या कादंबरीच्या पाच प्रती पाठवल्या होत्या. अडीच महिन्यांनी ते पार्सल परत आलं. चिकटपट्टी मी लावली होती तशीच होती. एका कोपऱ्यावर ती दुमडली गेली होती आणि मी ती नखाने दाबून सपाट केली होती. ती सुरकुतीसुद्धा जागच्या जागी होती. वर एक छापील पत्र डकवलेलं : 'नियम क्र. ७ नुसार स्वयंप्रकाशित पुस्तकं विचारात घेतली जात नाहीत.' अर्जातल्या प्रकाशकाच्या रकान्यात मी माझं स्वतःचं नाव लिहिलं होतं. निर्णय तेवढ्यावरच झाला.

माझ्याकडे आदल्या वर्षीची नियमावली होती आणि तिच्यात हे कलम नव्हतं. त्यामुळे त्या समितीविरुद्ध माझी तक्रार नाही आणि तिचं नावही मी घेणार नाही. पण त्यानंतर मी जिथून जिथून नियमावल्या मागवल्या, त्यांतल्या बऱ्याचशा नियमावल्यांत हे वाक्य सापडलं. कुठे तिसऱ्या क्रमांकावर, कुठे तळटिपेत, कुठे 'पात्रता' या मथळ्याखाली ठळक अक्षरांत. म्हणून हे पत्र एका समितीला नाही, सगळ्यांना आहे.

मला पुरस्कार द्या असं माझं मागणं नाही. पुस्तक वाचून कुणी ते बाजूला ठेवलं असतं तर मी निमूटपणे पुढच्या लेखनाला बसले असते. नकार पचवायची सवय या कामात पहिल्या दोन वर्षांतच होते. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या गोष्टीची खात्री करून घेण्यासाठी आपण हे कलम घातलंत, ती खात्री या कलमाने होत नाही. ते कलम प्रकाशकाचं नाव तपासतं. पुस्तकावर झालेलं काम तपासत नाही.

ते काम काय असतं, हे थोडं सविस्तर सांगते. परीक्षकांपैकी बहुतेकांची पुस्तकं प्रकाशनसंस्थांनी काढलेली असणार. तिथे हे काम पडद्यामागे होतं आणि लेखकाला त्यातलं थोडंच दिसतं. माझ्याकडे पडदाच नाही.

परत आलेली ती कादंबरी एका घड्याळदुरुस्ती करणाऱ्या बाईची आहे. पहिला खर्डा चौदा महिन्यांत झाला. पहाटे पाच ते सात ही माझी लिहिण्याची वेळ, त्यानंतर नोकरी. खर्डा झाल्यावर मी तो दोन महिने बंद करून ठेवला, मग पुन्हा वाचला आणि जवळजवळ निम्मा नव्याने लिहिला. हे सगळे लेखक करतात, त्यात विशेष काही नाही. विशेष सुरू होतं ते यानंतर. प्रकाशकाकडे गेलेली संहिता संपादकाच्या टेबलावर जाते आणि संपादकाचा पगार संस्था देते. माझ्या संहितेसाठी संपादक मी शोधली, तिच्याकडून वीस पानांचं नमुना-संपादन करून घेतलं, आमचं जमेल याची खात्री पटली आणि मग साडेचार महिन्यांच्या बचतीतून तिची फी भरली.

तिचं पहिलं पत्र अकरा पानांचं होतं. त्यात स्वल्पविरामाबद्दल चकार शब्द नव्हता. तिने विचारलं होतं की, या बाईला आपलं दुकान वाचवायचं आहे की त्या दुकानातून सुटायचं आहे? तुम्हालाच ते ठरवता आलेलं नाही, म्हणून मधली साठ पानं जागच्या जागी फिरतायत. मी तो कागद घेऊन बराच वेळ बसून राहिले. मला राग आला होता. तिसऱ्या दिवशी कळलं की तिचं बरोबर आहे, आणि त्या साठ पानांतली बेचाळीस पानं मी काढून टाकली. त्यांत माझं सगळ्यात आवडतं प्रकरण होतं, आजोबांच्या खिशातल्या घड्याळाचं. ते आजही माझ्या खणात पडून आहे.

दुसऱ्या फेरीत भाषेचं आणि तपशिलांचं संपादन झालं. ते दुसऱ्या एका माणसाने केलं, कारण एकच डोळा दोन्ही कामं नीट करू शकत नाही. त्याने एक तक्ता बनवला होता : प्रत्येक पात्राचं वय, डोळ्यांवरचा चष्मा, कुणाला कुणी काय हाक मारतं, कुठल्या प्रकरणात कुठला वार. त्या तक्त्यामुळे सापडलं की आठव्या प्रकरणात पौर्णिमा आहे आणि बरोबर दहा दिवसांनी, अकराव्या प्रकरणात, पुन्हा टिपूर चांदणं पडलंय. सापडलं की नायिकेच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला टाके पडलेत आणि त्याच आठवड्यात ती त्याच हाताच्या चिमटीत केसाएवढी स्प्रिंग धरून बसवते. मी ती संहिता तोपर्यंत नऊ वेळा वाचली होती. नऊही वेळा मला ते दिसलं नव्हतं. आपण लिहिलेलं आपल्याला दिसत नाही, आपल्याला आठवतं. आणि आठवणीत अंगठा बरा झालेला असतो.

अंगठ्याच्या त्या चुकीने तर पुस्तकाचं भलं केलं. ती दुरुस्त करताना मी तो प्रसंग डाव्या हाताने लिहून काढला, म्हणजे नायिकेला डाव्या हाताने काम करायला लावलं. ती पाच वेळा स्प्रिंग पाडते, सहाव्यांदा मुलाला हाक मारते आणि पहिल्यांदाच त्याच्या हातात चिमटा देते. वाचकांची जी काही पत्रं मला आली आहेत, त्यांतली बरीचशी याच पानाबद्दल आहेत. संपादन म्हणजे फक्त चुका पुसणं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांना मला हे पान दाखवायचं आहे. दोन माणसांचे पैसे मी पदरमोड करून भरले तेव्हा ते पान जन्माला आलं. ते आपल्या कार्यालयात आलं होतं, त्या न उघडलेल्या पार्सलात, पाच प्रतींमध्ये.

मुद्रितशोधन ही तिसरी फेरी. ती मी तिसऱ्या व्यक्तीकडून करून घेते आणि स्वतःही एकदा शेवटच्या पानापासून पहिल्या पानाकडे असं उलटं वाचते, म्हणजे गोष्टीच्या ओघात डोळा वाहून जात नाही. तरी तीन चुका राहिल्या. त्या मला पानांसकट पाठ आहेत.

मग पुस्तक वस्तू म्हणून घडवायचं काम येतं. मागणीनुसार छपाई आली तशी हे काम आमच्या हातात आलं. ऑर्डर आली की एक प्रत छापायची, ही पद्धत १९९७ साली लायटनिंग सोर्स या छपाई कंपनीच्या पूर्वसूरीने पुस्तकव्यापारात आणली आणि त्यामुळे हजार प्रती आगाऊ छापून घरात रचून ठेवायची गरज उरली नाही. पण यंत्र फक्त छापतं. पुस्तक कसं दिसावं हे त्याला सांगावं लागतं. मुखपृष्ठाच्या फाइलमध्ये कणा, म्हणजे पुस्तकाची बांधणीकडची उभी बाजू, किती रुंद ठेवायचा, हे पानांच्या संख्येला कागदाच्या जाडीने गुणून काढतात. ॲमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर क्रीम कागदासाठी दर पानाला ०.००२५ इंच धरतात. माझं पुस्तक ३२० पानांचं, म्हणजे कणा ०.८ इंच. शेवटच्या क्षणी एक प्रकरण कमी केलं की कणा बदलतो, कणा बदलला की मुखपृष्ठकाराला पुन्हा बसावं लागतं. बांधणीकडचा समास तीनशे पानांपर्यंत अर्धा इंच चालतो, तीनशे ओलांडली की पाच अष्टमांश लागतो. हे मला माहीत नव्हतं. पहिली नमुना प्रत आली, 'फेरविक्रीसाठी नाही' असा राखाडी पट्टा मुखपृष्ठावर मिरवत, तेव्हा प्रत्येक ओळीचा बांधणीकडचा शब्द घडीत गेलेला. पुस्तक दोन्ही हातांनी ताणून धरल्याशिवाय वाचता येत नव्हतं. मी पूर्ण ३२० पानांची मांडणी पुन्हा केली. त्यात काही परिच्छेदांच्या शेवटच्या एकेका ओळीने पान बदललं आणि त्या एकाकी ओळी परत खेचून आणायला दोन रविवार गेले. तिसरी नमुना प्रत हातात आली तेव्हा ती आपसूक उघडी राहिली. मी ती टेबलावर तशीच उघडी ठेवून बराच वेळ तिच्याकडे बघत होते.

पैशांबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण माझा मुद्दा पैशांचा नाही. तरी एवढं ठाऊक असावं. प्रकाशकाकडच्या लेखकाला, मिळाली तर, आगाऊ रक्कम मिळते. आम्ही आगाऊ रक्कम देतो : संपादकाला, मुद्रितशोधकाला, चित्रकाराला. ई-पुस्तकावर केडीपी ७० टक्के देते, पण ठरावीक किमतीच्या पट्ट्यातच. डॉलरमध्ये तो २.९९ ते ९.९९ आहे. त्याच्या बाहेर गेलात की ३५ टक्के. ॲमेझॉनच्या वर्गणी योजनेतल्या वाचकांनी वाचलं तर जुलै २०१५ पासून पानांवर मोजणी होते आणि एका पानाला अर्धा सेंटही पडत नाही. तिथे पुस्तक ठेवायचं तर त्याची डिजिटल प्रत नव्वद दिवस दुसरीकडे कुठेही विकायची नाही, ही अट. विक्रीचे पैसे महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी येतात. परत आलेल्या त्या कादंबरीने संपादनाचा खर्च भरून काढायला तीन वर्षं घेतली. मला ती तीन वर्षं महाग वाटली नाहीत, कारण पुस्तकाचे हक्क माझ्याकडे आहेत आणि ते अजून विक्रीत आहे. ते कधी बंद करायचं हे मी ठरवणार.

मग पुरस्कार कशाला, असं कुणीही विचारील. कारण विक्रीच्या पलीकडे जे काही असतं, त्याच्या दारात आपण उभे आहात. ग्रंथालयाची खरेदी समिती आपली यादी बघते. परीक्षणं लिहिणारे आपली यादी बघतात. अभ्यासक्रम ठरवणारे, अनुवादक शोधणारे, सगळे तीच यादी बघतात. जाहिरातीने मी एक वाचक मिळवू शकते, पण या लोकांपर्यंत मला जाहिरातीने पोहोचता येत नाही. आपल्या यादीत पुस्तक आलंच पाहिजे असं नाही. पण त्या यादीच्या विचारात ते येऊच शकत नाही, याचा अर्थ त्या सगळ्यांसाठी ते लिहिलंच गेलं नाही.

आता आपली बाजू. ती मला कळते आणि मी ती खोटी मानत नाही. परीक्षक चार-पाच, मुदत काही महिन्यांची. दार उघडलं की रीघ लागणार, आणि त्या रिघेत कच्चं, न तपासलेलं, घाईचं पुष्कळ असणार. ही भीती अलीकडे वाढली आहे आणि तिला आधार आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला नवीन कथा घेणंच काही काळ थांबवावं लागलं, कारण यंत्राकडून, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून, लिहून घेतलेल्या कथांचा पूर आला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात केडीपीने दिवसाला तीनच नवी पुस्तकं चढवता येतील अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन! मला एका पुस्तकाला तीन वर्षं लागतात. ज्यांच्यामुळे ही मर्यादा घालावी लागली, त्यांच्या रांगेत मला उभं केलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं, हे मी लपवत नाही. पण ती गर्दी खरी आहे आणि चाळणी हवीच, हेही मला मान्य आहे.

प्रश्न एवढाच की ही चाळणी नेमकं काय गाळते?

माझ्या ओळखीच्या एका लेखकाचं उदाहरण देते. त्याने आपली कादंबरी एका प्रकाशकाला दिली. प्रकाशकाने पाचशे प्रतींच्या छपाईचे पूर्ण पैसे त्याच्याकडून घेतले, वर 'प्रक्रिया शुल्क' घेतलं. संहिता टाइप होऊन आली तशी छापली. संपादक सोडा, कुणी ती सलग वाचलीसुद्धा नव्हती. एका प्रकरणाचा शेवट दोनदा छापला गेला होता. त्या पुस्तकाच्या कण्यावर प्रकाशनसंस्थेचं बोधचिन्ह आहे. ते पुस्तक त्याने त्याच पुरस्काराला पाठवलं, ज्याने माझं पार्सल परत केलं. ते दाखल करून घेतलं गेलं. मला त्या लेखकाबद्दल कळवळा आहे. त्याची फसवणूक झाली आणि त्याचं पुस्तक अधिक चांगल्या वागणुकीला पात्र होतं. पण आपल्या कलमाचा हिशेब बघा. पैसे त्याने भरले, पैसे मीही भरले. त्याने ते छपाईला आणि शुल्काला भरले, मी ते तीन वाचणाऱ्या डोळ्यांना भरले. दार त्याच्यासाठी उघडलं.

लेखकाकडून पैसे घेऊन काहीही छापणारा धंदा आणि स्वतःचं पुस्तक स्वतः जबाबदारीने काढणं, या दोन गोष्टी एकाच माळेत ओवल्या जातात, आणि हे कलम जन्माला आलं ते बहुधा पहिल्या गोष्टीला रोखण्यासाठी. पण तो धंदा संस्थेच्या नावाने चालतो. त्याच्याकडे आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक असतो, पत्ता असतो, बोधचिन्ह असतं. नाव बघून दार उघडणाऱ्या कलमातून तो सहज आत जातो. अडकतो तो प्रकाशकाच्या रकान्यात खरं नाव लिहिणारा. मला काही हितचिंतकांनी सल्ला दिला की एखादं संस्थेचं नाव घे, चिन्ह काढून घे, पुढच्या वेळी तेच रकान्यात लिही, कुणी विचारत नाही. कदाचित खरंच कुणी विचारणार नाही. पण जो नियम खरं लिहिणाऱ्याला बाहेर ठेवतो आणि तेच लपवणाऱ्याला आत घेतो, तो नियम आपल्यालाही नको असेल असं मला वाटतं.

जुने दाखले देण्याचा मोह या विषयात सगळ्यांना होतो. मी दोनच देते, तेही वेगळ्या कारणासाठी. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ साली तिच्या स्वतःच्या जोखमीवर निघाली. तोटा झाला असता तर तो तिने भरायचा, असा तो करार होता. पहिली आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड मिळाले. दुसऱ्या कादंबरीचे हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांत कायमचे विकले. ती कादंबरी पुढे किती खपली हे जगाला माहीत आहे, पण तिच्या हाती त्या ११० पौंडांपलीकडे काही आलं नाही. दुसरा दाखला व्हर्जिनिया वुल्फचा. तिने आणि तिच्या नवऱ्याने, लेनर्ड वुल्फने, १९१७ साली हातछपाईचं यंत्र घेऊन हॉगर्थ प्रेस सुरू केली आणि पुढे तिच्या कादंबऱ्या तिथूनच निघाल्या. मी स्वतःला या दोघींच्या शेजारी बसवत नाही. आणि थोर लेखिकांनी केलं म्हणून स्वयंप्रकाशित ते सगळं थोर, असंही नाही. त्यांच्या काळात स्वखर्चाने निघालेली आणि लगेच विसरली गेलेली पुस्तकं कितीतरी असणार. मला एवढंच दाखवायचं आहे की पुस्तकाचा खर्च कुणी उचलला, यावरून पुस्तकाच्या आत काय आहे हे तेव्हाही कळत नव्हतं.

आजचे नियमही सगळीकडे सारखे नाहीत. बुकर पुरस्काराला स्वयंप्रकाशित पुस्तक चालत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डला लेखक-प्रकाशक चालतो, पण त्याने इतरांचीही पुस्तकं काढलेली असली पाहिजेत. पुलित्झर मात्र छापील आणि विक्रीसाठी उपलब्ध असलेलं स्वयंप्रकाशित पुस्तक स्वीकारतं. विज्ञानकथेच्या ह्यूगो पुरस्कारात प्रकाशक कोण हा प्रश्नच येत नाही. बेकी चेंबर्स या विज्ञानकथालेखिकेची पहिली कादंबरी वाचकांच्या वर्गणीतून उभी राहिली आणि २०१४ साली तिने ती स्वतः प्रकाशित केली. मग एका प्रकाशकाने ती घेतली आणि तिच्यापासून सुरू झालेल्या मालिकेला २०१९ साली ह्यूगो मिळाला. प्रकाशक मिळण्याच्या आधी आणि नंतर पुस्तक तेच होतं.

एवढी पुस्तकं वाचायची कुणी, या अडचणीवरही कुणीतरी काम केलेलं आहे. मार्क लॉरेन्स या कादंबरीकाराने २०१५ साली फक्त स्वयंप्रकाशित अद्भुतरम्य कादंबऱ्यांसाठी एक स्पर्धा सुरू केली. तीनशे पुस्तकं, दहा परीक्षक गट. प्रत्येक गटाकडे तीस पुस्तकं जातात, त्यांतून तो एकच पुढे पाठवतो, आणि ती दहा पुस्तकं मग सगळे गट वाचून गुण देतात. तीसच्या तीस पुस्तकं शेवटपर्यंत वाचलीच पाहिजेत अशी सक्ती नाही. हे सगळं हौसेने, बिनपैशांनी चालतं. रोख बक्षीस नाही. त्या स्पर्धेने काही लेखकांना प्रकाशक मिळवून दिले आणि कितीतरी जणांना वाचक. पैसा, कार्यालय, कर्मचारी यांतलं काही नसताना हे होऊ शकतं, तर ज्यांच्याकडे हे सगळं आहे त्यांना ते अशक्य नाही.

मी मागते ते यापेक्षा कमी आहे. दार सताड उघडा असं मी म्हणत नाही. 'प्रकाशक कोण' या रकान्याऐवजी, किंवा त्याच्या शेजारी, एक वेगळा रकाना ठेवा : या पुस्तकाचं संपादन कुणी केलं, मुद्रितशोधन कुणी केलं? तो सगळ्यांनी भरायचा. मीही आणि प्रकाशनसंस्थांनीही. ज्याला तो भरता येणार नाही त्याचं पुस्तक, कुणीही काढलेलं असो, पहिल्या फेरीतच बाजूला ठेवा. माझी हरकत नाही. कुणी खोटं नाव लिहील अशी शंका असेल तर संपादकाची दोन ओळींची सही मागा. माझी संपादक ती आनंदाने देईल, आणि तिचं नाव कुठेतरी नोंदलं गेलं याचा तिला अभिमान वाटेल, कारण आजवर तिचं नाव फक्त माझ्या ऋणनिर्देशात आलेलं आहे.

तेवढ्यानेही गर्दी आटोक्यात येणार नसेल तर पहिल्या फेरीला पूर्ण पुस्तक मागू नका. पहिली तीस पानं मागा, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव काढून. आपण अनुभवी वाचक आहात. तीस पानांत आपल्याला कळतं. घाईने लिहिलेलं, न तपासलेलं, यंत्राकडून काढून घेतलेलं, सगळं तीस पानांत उघडं पडतं. आणि ते पडलं नाही, तर मग त्या पुस्तकाला पुढे वाचलं जाण्याचा हक्क मिळाला असं समजायला काय हरकत आहे? प्रवेशशुल्क ठेवायचं असेल तर ठेवा, पण सगळ्यांना सारखं. आमच्यासाठी वेगळा 'स्वयंप्रकाशित विभाग' काढण्याचा विचार काही ठिकाणी चालल्याचं ऐकते. हेतू चांगला असेल, तरी मला तो नको आहे. कादंबरीला कादंबऱ्यांमध्येच वाचलं जावं. हरली तर तिथेच हरू दे.

आणखी एक गोष्ट, जी नियमावलीत बसत नाही. स्वतः पुस्तक काढणारा लेखक बहुतेक वेळा एकटा असतो. माझ्या वेळापत्रकात लेखन पहाटेचे दोन तास. बाकीचं सगळं, म्हणजे संपादकाशी बोलणं, फाइली, मुखपृष्ठाचे खर्डे, हिशेब, कर, वाचकांची पत्रं, नोकरीनंतरच्या वेळेत. आजारी पडले तर पुस्तक थांबतं. 'पुढचं कधी?' असं विचारणारं कुणी कार्यालय नाही. आपण योग्य दिशेने चाललोय की नाही हे सांगणारी जाणती माणसं फार कमी भेटतात. आपण अशी माणसं आहात. आपल्यातल्या कुणीतरी माझी तीस पानं वाचून 'नाही' म्हटलं असतं, तर त्या 'नाही'तूनही मला काहीतरी शिकता आलं असतं. चिकटपट्टीकडून मला काही शिकता आलं नाही.

परत आलेल्या पाच प्रतींपैकी चार मी वाचकांना दिल्या. पाचवी अजून त्याच खोक्यात आहे. माझी पुढची कादंबरी सध्या संपादकाकडे आहे. तिचं पत्र या वेळी चौदा पानांचं आलं आणि मी सहाव्या पानापर्यंत पोहोचले आहे. पुस्तक पुढच्या वर्षी निघेल. प्रकाशकाच्या रकान्यात तेव्हाही माझंच नाव असेल. आपल्या नियमावल्या नव्या वर्षासाठी छापायला जातात त्याआधी या कलमाचा विचार व्हावा आणि जो निर्णय होईल तो कारणासह कळवावा, ही विनंती. कलम ठेवायचं ठरलं तर ते का ठेवलं, हे मला समजून घ्यायचं आहे.

आपली,
एक स्वयंप्रकाशित कादंबरीकार